येसबाची काहील आणि माझी तरफ

संपादकांचं पत्र आलं. यंदाच्या दिवाळी अंकात मुलांसाठी चार पानं राखून ठेवली आहेत, तुम्ही आयुष्यभर यंत्रांत हात घातलेला माणूस, तेव्हा जोर, शक्ती, तरफ, चाक, उतरण हे सगळं मुलांना सोप्या भाषेत आणि जरा गमतीदार करून सांगा, असं त्यात लिहिलं होतं. सोपी भाषा मला जमते. बारा वर्षं मी शाळेत मुलांना लोहारकाम शिकवलं आणि त्याबरोबर ह्या गोष्टीही शिकवल्या. गमतीचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही. तरफ म्हटलं की मला एकच तरफ आठवते आणि तिच्यात गंमत नाही.

तरी मी होकार कळवला. वय झालंय, आणि शाळेच्या बारा वर्षांत जे मुलांना सांगितलं नाही ते आता कागदावर तरी उतरावं असं वाटलं.

माझं नाव दस्तगीर मिस्त्री. राहणार कोल्हापूर. घरात लोहारकाम पिढीजात. शाळेत लागण्याआधी माझा धंदा उसाच्या चरकांचा. महाराजांचं राज्य होतं आणि जुने लाकडी घाणे मोडीत काढून लोखंडी चरक गावोगाव जायला लागले होते. चरक रेल्वेनं यायचा, बैलगाडीत चढायचा आणि नदीकाठच्या कुठल्यातरी मळ्यात जाऊन पडायचा. तो उभा करून द्यायचा, चालवून दाखवायचा आणि मोसमभर त्याची दुखणी काढायची हे माझं काम. दिवाळी झाली की मी घर सोडायचो तो शिमग्याला परतायचो. बायको शेजारणींना सांगायची, "आमच्या मिस्त्रीचं घर गुऱ्हाळात हाय, हितं ते पावणं म्हणून येत्यात." ती चेष्टेनं म्हणायची, पण खोटं काही नव्हतं.

आता मुलांसाठी चरक म्हणजे काय ते सांगतो. तीन जाड लोखंडी रूळ शेजारी शेजारी उभे असतात. त्यांच्या फटीत ऊस घातला की रस खाली गळतो आणि चिपाड पलीकडे निघतं. मधल्या रुळाच्या डोक्यावर एक लांब लाकडी दांडा आडवा बसवलेला असतो आणि त्याच्या टोकाला बैल जुंपतात. बैल गोल फिरतात, रूळ फिरतात. एवढंच यंत्र. ह्यात शक्ती लोखंडाची नसते. बैलानं सकाळी कडबा खाल्ला, त्याची शक्ती त्याच्या पायांत आली, पायांतून दांड्यात, दांड्यातून रुळांत, आणि ती संपली उसाच्या कांड्यात. यंत्र शक्ती तयार करत नाही, फक्त इकडची तिकडे पोचवतं. हे वाक्य मी शाळेत दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि मुलं ते दरवर्षी परीक्षेत विसरायची.

दांडा लांब का, हे मात्र मला मुलांना कधी शिकवावं लागलं नाही. त्यासाठी मी नेसरीकडच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगायचो आणि वर्ग हसून लोळायचा. मी त्याच्या मळ्यात चरक बसवून आलो आणि आठ दिवसांनी निरोप आला, चरक बिघडला, बैल गुडघ्यावर बसतात. जाऊन बघतो तर गड्यानं दांडा करवतीनं कापून निम्मा केलेला! मी कपाळावर हात मारला. तर तोच मला समजावून सांगायला लागला.

"पावणं, बैलं दिवसभर गोल गोल फिरून मरत्यात. दांडा निम्मा केला म्हंजी फेरा निम्मा. फेरा निम्मा म्हंजी दम निम्मा. व्हय का न्हाय?"

"व्हय की," मी म्हणालो, "पर बैलाला इचारलंसा का?"

दांडा निम्मा केला की फेरा निम्मा होतो हे त्याचं खरंच होतं. पण आता त्याच रुळांना फिरवायला बैलाला दुप्पट जोर लावावा लागत होता. जोर वाचवायचा तर लांब चाला, चालणं वाचवायचं तर जोर लावा. दोन्ही एकदम वाचत नाही, निसर्गाच्या दुकानात घासाघीस चालत नाही. मी नवा लांब दांडा बसवून दिला. गावभर त्या माणसाचं हसं झालं, आणि त्यात सगळ्यांत मोठ्यानं हसणारा मी होतो.

उतरणीचंही तसंच. चरक ओट्यावर चढवायचा म्हणजे पाच-सहा माणसांनी दोर लावून, मान मोडेस्तोवर उचलायचा ही जुनी रीत. मी दोन लांब फळ्या तिरक्या लावायचो, खाली गोल लाकडं सरकवायचो आणि दोन गडी घेऊन पहारीनं ढकलत ढकलत चरक वर न्यायचो. तो जागेवर बसला की पायाशी लाकडी पाचरा ठोकायच्या, म्हणजे तो हलत नाही. बघणारे म्हणायचे, मिस्त्री मंतर टाकतो. मला ते ऐकायला आवडायचं. पहार, फळी, पाचर, चाक एवढ्या चार वस्तूंवर मी कुठलंही ओझं हलवून दाखवीन अशी घमेंड मला होती, आणि ती घमेंड पूर्ण खोटी होती असंही नाही.

आता येसबाकडे येतो.

गारगोटीच्या वाटेवर वेदगंगेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या दाजी चौगल्यांच्या गुऱ्हाळावर माझा चरक होता आणि येसबा तिथला गुळव्या. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा खरा मालक. जमीन दाजींची, बैल दाजींचे, पण काहिलीपाशी हुकूम येसबाचा. काहील म्हणजे रस आटवायची प्रचंड मोठी लोखंडी कढई. माणूस हातपाय पसरून झोपेल एवढी रुंद. ती चुलाणावर बसते, खाली वाळक्या चिपाडांचा जाळ असतो. रस उकळतो, मळी वर येते ती काढायची, आणि आटून आटून त्याचा पाक होतो. तो पाक नेमक्या वेळी चुलाणावरून उतरवून शेजारच्या उथळ वाफ्यात ओतला की गूळ. वेळ जरा आधी साधली तर गूळ चिकट राहतो, जरा पुढे गेली तर करपतो.

ही वेळ ठरवायचं यंत्र जगात कोणी केलेलं नाही. येसबाची ती बोटांत होती. शेजारी गार पाण्याचं घमेलं असायचं. तो त्यात उजवा हात बुडवायचा, लांब पळीतला उकळता पाक त्याच ओल्या बोटांनी उचलायचा, परत पाण्यात घालायचा आणि अंगठा-तर्जनीमध्ये त्याची गोळी वळायचा. मग ती गोळी पितळी ताटावर फेकायची. टण्ण आवाज आला की काहील उतरवायची. मी एकदा विचारलं, "येसबा, आवाजावरनं ठरवतोस की गोळीवरनं?"

"आवाज तुम्हांस्नी ऐकू यावा म्हणून," तो म्हणाला. "मला आधीच कळतंया. बोटं सांगत्यात."

पंधरा मोसम आम्ही एकत्र काढले. माझ्या हातात सदा हातोडा, त्याच्या हातात पळी. मी त्याला म्हणायचो, तुझं काम अंदाजाचं. तो म्हणायचा, तुझं लोखंड मेलेलं असतंया, माझा पाक जित्ता. पहिल्या काहिलीचा पहिला घास उसाच्या पानावर घेऊन तो मला द्यायचा, दाजींच्याही आधी. माझा दोस्त म्हणावा असा माणूस धंद्यात एवढाच एक.

काहील उतरवायची रीत अशी. तिच्या कडांना चार मोठ्या कड्या. त्यांतून दोन जाड वासे घालायचे आणि आठ गडी लावायचे. गुळव्यानं "उतरवा" म्हटलं की गड्यांतला थोरला माणूस ओरडायचा, "ज्योतिबाच्या नावानं..." आणि आठहीजण एका श्वासात "चांगभलं!" म्हणून काहील उचलायचे. मुलांनो, ह्या आरोळीत देवभक्ती आहेच, पण जोराचं शास्त्रही आहे. आठ माणसांनी आठ वेळी जोर लावला तर काहील तसूभर हलत नाही. त्यांचा जोर एकाच क्षणी पडला तर उठते. "चांगभलं" त्या आठ अंगांना एका क्षणाला बांधतं. त्या क्षणी माणूस हातचं राखून जोर लावत नाही, टाचेपासून मानेपर्यंत सगळं अंग झोकून देतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. हे मी नव्या चरकमालकांना ऐटीत समजावून सांगायचो.

मग ते मानमोडीच्या तापाचं वर्ष आलं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्या तापानं खेडी झोडपून काढली. मी दाजींच्या गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा काहिलीच्या आठ गड्यांपैकी तिघं गेले होते. त्यांतला एक येसबाचा धाकटा भाऊ. चौथा जगला होता, पण भिंत धरल्याशिवाय उभा राहत नव्हता. उरले चार. शेजारच्या गावांतही हीच गत, उसना गडी कुठून आणणार? ऊस रानात उभा होता.

"मिस्त्री," दाजी म्हणाले, "चौघांत भागंल असं कायतरी करा की. तुमचं डोकं चालतंया."

चाललं. मी दोन दिवसांत तरफ उभी केली. मुलांनो, तरफ म्हणजे एका टेकूवर ठेवलेला दांडा. टेकूच्या ह्या बाजूला भार, त्या बाजूला जोर. जोराकडची बाजू जितकी लांब तितका जोर कमी लागतो. मी चुलाणामागं दोन फाट्यांचा बाभळीचा बुंधा पुरला, तो टेकू. त्यावर दहा हात लांबीचं लाकूड, दोन हात काहिलीकडे, आठ हात माणसांकडे. आखूड टोकाला साखळी, साखळी काहिलीच्या मागच्या कड्यांत. काहिलीची पुढची कड वाफ्याच्या दगडी काठावर टेकलेली. माणसांनी लांब टोक खाली दाबलं की काहिलीची पाठ उठणार आणि पाक पुढच्या कडेवरून वाफ्यात ओघळणार. काहील उचलायचीच नाही, फक्त कलती करायची.

हिशोब मी कोळशानं भिंतीवर मांडला. पूर्वी आठजण अख्खं वजन उचलायचे. आता निम्मं वजन दगडी काठ पेलणार, म्हणजे उरलं चौघांचं काम. तरफ चौपट, म्हणजे चौघांचं काम एकावर आलं. बघायला आलेल्या लोकांपुढे मी भिंतीवरच्या शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

येसबा भावाचं सुतक फिटून नुकताच कामावर आला होता. त्यानं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"येक माणूस पुरतो म्हणतोस, मग चार कशाला लावतोस?"

"असू देत की. जादा असलेली बरी."

हेच माझं उत्तर होतं, शब्द न् शब्द. जोर कमी पडला तर काय, एवढीच भीती मला आयुष्यभर शिकवलेली. माझा सगळा धंदा जोर अपुरा पडण्याचा. जोर जास्त झाला तर काय होईल हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

आम्ही तालीम केली. पाक पाण्यापेक्षा जड म्हणून मी काहील काठोकाठ पाण्यानं भरायला लावली. इथपर्यंत मी शहाणा होतो. चौघांत थोरला तुका. तो लाकडाला हात लावून दाजींना म्हणाला, "मालक, चांगभलं म्हणायचं काय?"

येसबाच बोलला, "पाण्याला कशाला देवाचं नाव? गूळ निघंल तवा म्हणू."

येसबा सोडून सगळे हसले. मीही हसलो. नव्या लाकडाला बिचकून त्या चौघांनी ते हळूहळू दाबलं, काहिलीची पाठ हलकेच उठली, आणि तांब्यातून ओतावं तसं पाणी वाफ्यात गेलं. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. तीनदा तालीम झाली, तिन्ही वेळा बिनबोभाट. मुक्यानं केलेली तालीम ही तालीमच नव्हे, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला रस चुलाणावर चढला. पाक आला. येसबानं पाण्यात हात बुडवला, गोळी वळली, ताटावर टाकली. टण्ण. भाऊ गेल्यापासून त्याच्या तोंडावर हसू दिसलं नव्हतं, ते त्या आवाजाला जरा दिसलं. वाफ्यात आलेला पाक पसरायला लांब दांड्याचं लाकडी फावडं लागतं. ते घेऊन तो नेहमीसारखा वाफ्याच्या पलीकडच्या काठावर, काहिलीच्या समोर उभा राहिला. पंधरा वर्षं तो तिथंच उभा राहत आला होता. त्याला तिथून हटवावं असं माझ्या मनात आलं नाही.

"उतरवा," तो म्हणाला.

"ज्योतिबाच्या नावानं..." तुका ओरडला.

"चांगभलं!" चौघं ओरडले. मीही ओरडलो.

त्या चौघांनी आयुष्यभर ह्या आरोळीवर आठजणांचं ओझं उचललं होतं. अंगाला तेच ठाऊक. त्यांनी सगळं अंग लाकडावर टाकलं. एका माणसाच्या कामावर चार माणसांचा सगळा जोर पडला. लाकडाचं लांब टोक धाडकन जमिनीला भिडलं, काहिलीची पाठ एका झटक्यात वर गेली. पाकाचं पाण्यासारखं नसतं. तो आधी जागचा हलत नाही, आणि हलला की सगळाच्या सगळा येतो. तो पुढच्या कडेवर येऊन कोसळला, वाफा ओलांडून पलीकडे गेला. येसबानं फावडं टाकून दोन्ही हात तोंडापुढे धरले.

तोंड वाचलं. हात गेले.

उकळतं पाणी निथळून जातं, पाक चिकटून बसतो. आम्ही त्याचे हात गोळी वळायच्या त्याच घमेल्यात बुडवले. पाक गार झाला तसा तो बोटांवर गूळ होऊन थिजला आणि येसबाच्या तोंडून निघालेला आवाज मी पुन्हा कधी कोणाचा ऐकला नाही. गाडी जुंपली. अंथरायला घोंगडं हवं म्हणून मी माझी अवजारांची पेटी उघडली. घोंगड्याखाली दोराचं वेटोळं होतं. नवा, मजबूत दोर. दोन हात दोर लाकडाच्या आखूड टोकाला बांधून दुसरं टोक जमिनीतल्या खुंटीला अडकवलं असतं, तर ते टोक दोन हातांपलीकडे वर गेलंच नसतं. चौघंच काय, चाळीसजण लोंबकळले असते तरी काहील तिच्या मर्यादेतच कलली असती. दोर माझ्याजवळ होता. खुंटी ठोकायला हातोडा होता. घटकाभराचंही काम नव्हतं.

कोल्हापूरच्या इस्पितळापर्यंतची ती वाट दिवसभराची होती. मी गाडीत त्याच्या उशाशी बसलो होतो. अर्ध्या वाटेत त्यानं डोळे उघडले.

"दस्तगीर, पाक समदा गेला काय रं?"

"गेला," मी म्हणालो.

"चांगला आलता," तो म्हणाला आणि परत डोळे मिटले.

तो जगला. पण दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटून गेली आणि पंजे आत वळले. भाकरी मोडता येत नव्हती. मी महिन्यानं गावात गेलो तेव्हा दाजींच्या सोप्यात माणसं जमली होती. मला वाटलं, आता माझा पंचनामा होणार. मी त्यासाठीच गेलो होतो, खरं सांगतो, मला तो हवा होता. पण दाजी म्हणाले, नशीब. दुसरा कोणी म्हणाला, मानमोडीचं वर्षच वाईट. आणि मग कोपऱ्यातला तुका उठला. 

"मिस्त्री, तुमचं लाकूड बराबर हुतं. आम्ही लई जोर लावला. चूक आमची हाय."

त्या क्षणी मला बोलायचं होतं. तुका, तू तेच केलंस जे तुझ्या बापानं आणि आज्यानं केलं. तुझ्या अंगाला काय सवय आहे ते ओळखणं माझं काम होतं. हे दोन शब्द मला म्हणायचे होते. मी खाली बघत बसलो. सगळ्यांना वाटलं मिस्त्रीला दुःख झालंय. तुका त्यानंतर कुठल्याही काहिलीपाशी गेला नाही. "चांगभलं" म्हणायचंही त्यानं सोडलं असं लोक सांगत. ज्योतिबाच्या डोंगरावर चैत्राची यात्रा भरायची, गाव जायचं, हा घरी बसायचा. देवाचं नाव घेतलं म्हणून माणूस जळला, असं त्यानं मनाशी घेतलं होतं. ते मी एका वाक्यात त्याच्या मनातून काढू शकलो असतो, पण काढलं नाही.

तरफ मात्र राहिली. मी खुंटी ठोकली, दोर बांधला, आणि पुढं कोणाला चटकासुद्धा लागला नाही. आणखी चार गावांनी मला बोलावून तशीच तरफ करून घेतली. लोक मला तरफेचा मिस्त्री म्हणायला लागले. पुढं शाळेत नोकरी मिळाली ती ह्याच नावावर. ज्या तरफेनं माझ्या दोस्ताचे हात खाल्ले तिनंच मला म्हातारपणाची भाकरी दिली.

येसबा मोसमात गुऱ्हाळावर यायचा, चिपाडांच्या ढिगावर बसायचा. काम नवा गुळव्या करायचा. तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मी चरकाची पाचर बदलायला गेलो होतो. नवा गुळव्या ताप येऊन घरी पडला होता आणि काहील चुलाणावर होती. दाजी येसबाला म्हणाले, "तूच बघ की आता." त्याच्या डोळ्यांत जीव आला. तो काहिलीपाशी येऊन बुडबुडे बघत राहिला, वास घेत राहिला.

"आलाय वाटतं," तो म्हणाला. "पर बोटं सांगतील तवा खरं." त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "दस्तगीर, तुझी बोटं दे."

मी पाण्यात हात बुडवला. पाक उचलला, परत पाण्यात नेला, गोळी वळली. अगदी तो वळायचा तशी.

"कशी हाय?"

"कडक वाटती."

"दाबून बघ. दबून परत उठती काय? का दबलेली ऱ्हाती?"

मी दाबली. चाळीस वर्षं तापल्या लोखंडाशी खेळलेली बोटं माझी, त्यांची कातडी बैलाच्या खुरासारखी. गोळी आहे एवढं कळत होतं. त्यापलीकडे काही नाही.

"मला कळत न्हाय, येसबा."

"नीट बघ. घाई करू नगंस."

मी परत दाबली. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मला काहीही कळत नव्हतं. तेवढ्यात करपल्याचा वास आला. "जाळ वढा!" तो ओरडला, पण वेळ गेली होती. काहीलभर पाक काळा पडला.  येसबा बोलला, अगदी मऊ आवाजात, तो त्याचा आवाजच नव्हे.

"असू दे. तुझा बी काय दोष न्हाय."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठला आणि घराकडे गेला. पुन्हा गुऱ्हाळावर आला नाही. दोन वर्षांनी वारला. मी मर्तिकाला गेलो, तुका तिथं होता, आम्ही दोघं नदीवर शेजारी शेजारी उभे राहिलो. तेव्हाही मी बोललो नाही. आता तुकाही नाही, आणि ज्याला सांगायचं त्याच्याऐवजी मी हे दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगतो आहे. ह्याला उशीर म्हणत नाहीत. ह्याला काही अर्थ उरला नाही असंच म्हणावं लागेल.

शाळेत मी बारा वर्षं तरफ शिकवली. मुलं पाठ म्हणायची: टेकू, भार, जोर. उत्तर बरोबर असायचं, मी गुण द्यायचो. नेसरीच्या गड्यावर हसवायचो. दोराचं सांगायचो, तरफेला नेहमी अडकण बांधावी, एवढंच. कशासाठी ते कोणी विचारलं नाही.

संपादकांनी लेखासोबत तरफेचं चित्र मागितलंय. मी ते तीनदा काढलं. टेकू, भार, लांब लाकूड, त्यावर चार माणसं. दर वेळी वाफ्याच्या पलीकडच्या काठावर, हातात फावडं घेतलेला एक माणूस माझ्या हातून निघाला. मुलांचा गोंधळ होईल म्हणून दोनदा तो खोडला. ह्या वेळी ठेवला आहे. संपादकांना विनंती, छापताना तो काढू नये.